मेद उतरताना त्वचेची निगा

शरीरावरील मेद उतरला म्हणजे घरात आनंद होतो. परंतु आरशासमोर उभे राहताच त्या आनंदावर पुष्कळदा विरजण पडते. पोट आत गेलेले असते, पण त्यावरील कातडी सैल होऊन लोंबत राहते. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांच्या पट्ट्यात पाळ्यांचे काम, अवेळी जेवण आणि अपुरी झोप यांनी वजन वाढावयास वेळ लागत नाही. ते उतरविण्याची खटपटही आता घरोघर चालू आहे. तिर्झेपटाइड व सेमाग्लुटाइड या औषधांची वजन उतरविणारी इंजेक्शने २०२५ साली भारतात विक्रीस आल्यापासून तर ही घाई अधिकच वाढली आहे. अशा वेळी त्वचेचा विचार अगोदरच करून ठेवणे शहाणपणाचे होय.

त्वचेच्या आतील थरात कोलॅजन व इलॅस्टिन नावाचे तंतू असतात. पहिल्याने त्वचेला बळकटी येते, दुसऱ्याने ताणल्यानंतर पूर्ववत् होण्याचा गुण येतो. विजारीतील रबरी पट्टा वर्षानुवर्षे ताणलेला राहिला म्हणजे सोडल्यावरही आखडत नाही. तीच गत या तंतूंची होते. त्वचा किती आवळेल हे वय, किती वर्षे स्थूलता होती, किती वजन उतरले, उन्हाचा मारा आणि तंबाखू-धूम्रपान यांवर अवलंबून असते. यांपैकी वय कोणाच्या हाती नाही. तंबाखू सोडणे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे.

दुसरी हातातली गोष्ट म्हणजे वेग. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात आठवड्यास सुमारे अर्धा किलो वजन उतरणे सुरक्षित मानले आहे. उपाशी राहून वजन उतरविले तर मेदाबरोबर स्नायूही झिजतात आणि त्वचेखालचा आधार नाहीसा होतो. प्रौढ मनुष्यास दररोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे सत्तर किलोच्या गृहस्थास सुमारे ५८ ग्रॅम. एका वाटी वरणात ती जेमतेम पाच-सहा ग्रॅम मिळतात. म्हणून मोड आलेली मटकी, दही, शेंगदाणे, अंडी, मासळी यांची जोड हवी. हे न पाळल्यास दोन-तीन महिन्यांनी केस मूठमूठ गळू लागतात. आहार सुधारल्यावर ते बहुधा सहा महिन्यांत पुन्हा येतात. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही.

सैल कातडीचा खरा उपद्रव घड्यांत होतो. आठ तास घामाने भिजलेल्या कपड्यांत यंत्रापुढे उभे राहणाऱ्याच्या पोटाखाली व जांघेत ओल साचते, घर्षण होते आणि बुरशी वाढते. मधुमेह्याच्या बाबतीत ती लवकर हटत नाही. यंत्रावरील कूलंटचे तेल अंगास लागत असल्यास खाजेत भर पडते. यावर उपाय साधा आहे: पाळी संपताच स्नान करावे, घड्या न घासता टिपून कोरड्या कराव्यात आणि कोरडे सुती कपडे घालावेत. दुकानातून मनाने आणलेले स्टेरॉइडयुक्त मलम मात्र लावू नये. खाज तात्पुरती दबते, नायटा पसरतो आणि त्वचा पातळ होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास बंदी केली, ती याच कारणास्तव. पुरळ आठवड्यात न हटल्यास पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञास दाखवावे. लाली झपाट्याने पसरून ताप आला तर एक दिवसही थांबू नये.

आणखी एक गैरसमज घरोघर आढळतो. स्थूल मुलाची मान काळी व मखमलीसारखी जाड झाली म्हणजे आई ती मळ समजून वज्रीने घासते. तो मळ नव्हे. इन्सुलिनचे कार्य बिघडल्याची ती बहुधा खूण असते. घासल्याने कातडी सोलते, काळेपणा तसाच राहतो. रक्तातील साखर तपासावी. वजन उतरले की तो हळूहळू फिकट होतो.

खोबरेल तेलाने कोरडेपणा जातो, पण सैल कातडी तेलाने आवळत नाही. जाहिरातीतील महागड्या मलमांनीही त्यात विशेष फरक पडत नाही. वजने उचलण्याच्या व्यायामाने स्नायू भरले म्हणजे सैलपणा काहीसा झाकला जातो. तरीही राहिलेली कातडी शस्त्रक्रियेने काढता येते; परंतु वजन निदान सहा महिने स्थिर राहिल्यानंतरच, आणि व्रण कायमचा राहील हे जाणून.

पुष्कळांना मात्र शस्त्रक्रियेची गरज पडत नाही. गरज पडते ती घरच्यांच्या समजुतीची. कष्टाने वीस किलो उतरविलेल्या माणसाच्या सैल दंडाची थट्टा झाली, तर तो पुन्हा पूर्ण बाह्यांच्या सदऱ्यात लपतो आणि हळूहळू व्यायामही सोडतो. साखर व रक्तदाब उतरला, जिना चढताना धाप लागेनाशी झाली, हा लाभ त्या सैल कातडीहून कितीतरी मोठा आहे, हे घरातील प्रत्येकाने ध्यानात ठेवावे.