न निघणारा नॉब

जुन्या मोटारीतील दिव्याचा किंवा वायपरचा स्विच बदलायचा, तर डॅशबोर्डवरील नॉब आधी काढावा लागतो. तो ओढून निघत नाही. मग पक्कड येते, जोर वाढतो आणि पन्नास-साठ वर्षे टिकलेला नॉब क्षणात तडकतो. तसा दुसरा सहज मिळत नाही. म्हणून ओढण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: हा नॉब धरून ठेवला आहे कशाने?

पहिली शक्यता म्हणजे बनवणाऱ्याने मुद्दाम केलेली अडकण. १९४८ साली बाजारात आलेली मॉरिस मायनर आणि त्या काळच्या इतर अनेक ब्रिटिश मोटारींत ओढून चालू करायचे स्विच असत. अशा स्विचच्या दांडीत स्प्रिंगवर बसवलेली बारीक खुंटी असते. ती नॉबच्या खालच्या बाजूच्या भोकात अडकते. बोथट तारेने खुंटी आत दाबली की नॉब हाताने निघतो. काही मोटारींत खुंटीऐवजी बिनडोक्याचा छोटा स्क्रू असतो, तर काही नॉब आट्यांवर फिरवून बसवलेले असतात. तेव्हा बॅटरीची तार सोडवून, आरसा आणि विजेरीच्या साहाय्याने नॉबची खालची बाजू प्रथम पाहावी.

खुंटी दाबूनही नॉब हलत नसेल, तर दुसरी शक्यता गंजाची. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे दांडी व नॉब यांमधील फटीत तो पाचरीसारखा घट्ट बसतो. येथे पातळ तेलाचा एक थेंब उपयोगी पडतो. केशाकर्षणामुळे तेल फटीत शिरते. पण जसजसे ते आत जाते तसतसा त्याचा वेग मंदावतो. दुप्पट अंतरासाठी सुमारे चौपट आणि तिप्पट अंतरासाठी नऊपट वेळ लागतो. पहिल्या मिलिमीटरला एक मिनिट लागले, तर पाच मिलिमीटरला पंचवीस मिनिटे लागतील. रात्रभर थांबा, असे कारागीर सांगतात त्यामागचे कारण हेच.

नॉब किंचित गरम केल्यानेही मदत होते. तापवल्यावर भोक लहान होईल असे अनेक विद्यार्थ्यांना वाटते. प्रत्यक्षात ते मोठे होते; बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवूनच चढवतात. समजा, नॉबचे प्रसरण अंशाला लाखात ३ भाग आणि पोलादी दांडीचे १.२ भाग आहे. मग ४० अंश तापमानवाढीने ६ मिलिमीटरच्या भोकात फरक पडेल जेमतेम ०.००४ मिलिमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या विसाव्या भागाएवढा. मात्र गंजाची पकड ढिली व्हायला कधीकधी तेवढाही पुरतो. यासाठी केस वाळवण्याच्या यंत्राची हवा पुरे. ज्योत कधीही वापरू नये. काही जुनी प्लॅस्टिके पेट घेतात.

शेवटी ओढण्याची दिशा. एका बाजूने ओढल्यास नॉब तिरका होतो, त्याच्या कडा दांडीवर दाबल्या जातात आणि घर्षण वाढते. तिरका ओढलेला टेबलाचा खण अडकतो, तसेच हे. नॉबच्या मागे मऊ नाडी अडकवून तिची दोन्ही टोके सारख्याच जोराने सरळ आपल्याकडे ओढावीत.

वर्गात टीपकागदाची पट्टी आडवी ठेवून तिचे टोक पाण्यात बुडवा. पाणी १, २ आणि ३ सेंटिमीटरवर कधी पोहोचते ते विद्यार्थ्यांना नोंदवू द्या. साधारण १ : ४ : ९ हे प्रमाण त्यांना स्वतः सापडले, की नॉबसाठी थांबायचे किती हे वेगळे सांगावे लागणार नाही.