शस्त्रक्रियेची सुरी

त्वचा व तिच्याखालील ऊतके (समान रचना व कार्य असलेल्या पेशींचे समूह) कापण्यासाठी शस्त्रक्रियेत वापरण्यात येणारे लहान, अतिशय तीक्ष्ण धारेचे शस्त्र. पाते व मूठ हे तिचे दोन भाग होत. धार तीक्ष्ण राखणे आणि शस्त्र पूर्णपणे जंतुरहित करणे या दोन गरजांचा मेळ घालण्याच्या प्रयत्नांतून तिला आजचे स्वरूप प्राप्त झाले आहे.

इतिहास : सुश्रुतसंहितेत २० शस्त्रे सांगितली असून त्यांत मंडलाग्र, वृद्धिपत्र इ. कापण्याच्या शस्त्रांचा समावेश होतो. कोणत्या कामासाठी धार किती सूक्ष्म असावी, याचेही विवेचन त्या ग्रंथात आढळते. शिष्याने प्रथम कोहळा, दुध्या यांसारख्या फळांवर छेद घेण्याचा सराव करावा, असा त्यात निर्देश आहे.

यूरोपात एकोणिसाव्या शतकात पुष्कळ सुऱ्यांच्या मुठी हस्तिदंताच्या वा लाकडाच्या असत. त्यांच्या खाचांत रक्त व पू साचून राही आणि त्यांना उकळणे सोसत नसे. जोसेफ लिस्टर यांनी १८६७ मध्ये कार्बॉलिक अम्ल वापरून जखमा दूषित होण्यापासून वाचविण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढे उष्णतेने निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत रूढ झाल्यावर संपूर्ण धातूची सुरी प्रचारात आली. तथापि वारंवार तापविल्याने व वापरल्याने धार बोथट होई आणि पाते पुनःपुन्हा पाजळावे लागे. मॉर्गन पार्कर यांना १९१५ मध्ये अमेरिकेत पाते बदलता येणाऱ्या सुरीचे एकस्व (पेटंट) मिळाले. मूठ कायम ठेवून प्रत्येक वेळी नवे पाते बसविता येऊ लागल्याने ही अडचण दूर झाली.

पाती : पाती कार्बनी अथवा अगंज पोलादाची असून त्यांचे आकार क्रमांकांनी ओळखले जातात. १० क्रमांकाचे पाते फुगीर धारेचे असून ते त्वचेवरील मोठ्या छेदासाठी, तर १५ क्रमांकाचे लहान पाते नाजूक कामासाठी वापरतात. ११ क्रमांकाचे टोकदार पाते गळू फोडण्यास सोयीचे असते. १२ क्रमांकाच्या पात्याची धार आकड्यासारख्या वळणाच्या आतील बाजूस असते. पाती मोहोरबंद पाकिटांत जंतुरहित स्थितीत मिळतात. त्यासाठी गॅमा किरणांचाही उपयोग करतात. भारतात वैद्यकीय साहित्याचे असे निर्जंतुकीकरण करणारे केंद्र तुर्भे (मुंबई) येथे १९७४ मध्ये सुरू झाले.

वापर : लांब छेदासाठी सुरी तळहाताखाली आडवी, तर सूक्ष्म कामासाठी लेखणीप्रमाणे धरतात. त्वचा दुसऱ्या हाताने ताणून पाते तिच्याशी काटकोनात ठेवतात. छेद त्वचेच्या नैसर्गिक ताणरेषांना समांतर घेतल्यास व्रण सहसा बारीक राहतो. तीक्ष्ण धारेने ऊतके चिरडली जात नाहीत व जखम लवकर भरून येते. बोथट पात्यास जास्त जोर द्यावा लागल्याने ते निसटण्याचा धोका वाढतो.

विद्युत् प्रवाहाने किंवा लेसर किरणांनी ऊतके कापताना रक्तवाहिन्याही बंद होतात व रक्तस्राव कमी होतो. परंतु उष्णतेमुळे कडेची ऊतके काही प्रमाणात भाजतात. त्यामुळे त्वचेवरील पहिल्या छेदासाठी सुरी अद्यापि मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

दक्षता : वापरलेल्या पात्याने हातास इजा झाल्यास यकृतशोथ-ब, यकृतशोथ-क व एड्स या रोगांच्या विषाणूंचा संसर्ग होऊ शकतो. म्हणून सुरी हातोहात न देता तबकातून देणे, पाते बोटांनी न काढता चिमट्याने काढणे व ते भोक न पडणाऱ्या डब्यात टाकणे आवश्यक असते.