चंगाईचा अधिकार कोणाचा?

कल्याणहून कसाऱ्याच्या लोकलने निघाले की शहाडनंतर आंबिवली येते आणि मग टिटवाळा. टिटवाळ्याच्या गणपतीला लग्न जमावे म्हणून नवस बोलायला लांबून माणसे येतात. आंबिवलीची ओळख मात्र एका कारखान्याची होती. मोहोन्याची एनआरसी, म्हणजे नॅशनल रेयॉन, 2009 मध्ये बंद पडली आणि थकलेल्या देण्यांसाठी कामगारांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. अशा भागात आजारपण एकटे येत नाही. रोजगार बुडतो, कर्ज होते, दारू वाढते. कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयातून रुग्णाला पुढे कळव्याला, सायनला किंवा केईएमला न्यायचे झाले, तर घरातल्या आणखी एका कमावत्या माणसाचा खाडा होतो. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथच्या पट्ट्यात भाड्याच्या खोल्यांतून आणि छोट्या सभागृहांतून भरणाऱ्या ख्रिस्ती प्रार्थना सभांकडे माणसे वळतात ती याच अवस्थेत. तिथे पाळक डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात, ‘चंगाई’ मिळाल्याची साक्ष दिली जाते, येशूच्या नावाने दुष्टात्म्याला निघून जाण्याची आज्ञा केली जाते. दुष्टत्व, आजार आणि माणसाचे मोडलेपण या तिन्हींवर देवाचा अधिकार चालतो, ही त्यामागची श्रद्धा आहे. ती थट्टेवारी नेण्याजोगी नाही आणि विनाप्रश्न मान्य करण्याजोगीही नाही. या श्रद्धेच्या मूळ ग्रंथाने आणि महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती इतिहासाने या अधिकाराला फार कडक मर्यादा घातल्या आहेत, असे माझे म्हणणे आहे. रुग्णाचे औषध थांबवणारा किंवा तो बरा झाला नाही म्हणून त्यालाच दोष देणारा उपदेशक विज्ञानाशी भांडतोच. पण त्याआधी तो स्वतःच्या धर्माशी भांडत असतो.

मार्काचे शुभवर्तमान सुरू होताच कफर्णहूमच्या सभास्थानातली माणसे चकित होतात, ती येशूच्या अधिकाराने. त्या काळीही भुते उतरवणारे होतेच. मंत्र, विधी, मोठमोठी नावे ही त्यांची साधने होती; येशू एका आज्ञेवर थांबतो. पण हा अधिकार कुणालाही उचलून वापरता येतो असे नवा करार कुठेच म्हणत नाही. इफिस शहरात स्किवाचे सात मुलगे येशूचे नाव मंत्रासारखे वापरायला जातात आणि मार खाऊन, उघडेवाघडे पळून जातात. शोमरोनातला शिमोन जादूगार प्रेषितांपुढे पैसे ठेवून ही शक्ती मागतो, तेव्हा पेत्र त्याला खडसावतो. लूकने सांगितलेला प्रसंग तर याहून बोलका आहे. पाठवलेले शिष्य आनंदाने परत येतात, दुष्टात्मेही आपल्याला वश होतात असे सांगतात, आणि येशू त्यांना त्या गोष्टीचा आनंद मानू नका असे बजावतो. ज्याच्या नावाने अधिकार चालवायचा, त्यानेच अधिकाराच्या कैफाबद्दल असा इशारा दिला आहे. तो व्यासपीठावरच्या माणसाने सर्वांत आधी ऐकायला हवा.

चंगाईच्या कथा नीट वाचल्या तर त्यांत शरीराइतकेच, काही वेळा शरीराहून अधिक, माणसाचे समाजातले स्थान बदलते. बारा वर्षे रक्तस्राव होणाऱ्या बाईने वैद्यांपायी होते नव्हते ते खर्च केलेले असते आणि दुखणे वाढलेलेच असते. आंबिवलीतल्या अनेक घरांना ही कथा परकी वाटणार नाही. विटाळाच्या नियमांमुळे तिने गर्दीत यायचेच नव्हते. येशू सर्वांदेखत तिला मुलगी म्हणून हाक मारतो. कुष्ठरोग्याला बरे केल्यावर तो त्याला याजकाकडे पाठवतो, कारण त्या काळी रोगमुक्त ठरवून माणसाला पुन्हा वस्तीत घेण्याचा अधिकार याजकाचा होता. चंगाईची तपासणी दुसऱ्या, मान्यताप्राप्त माणसाने करायची, ही अट मुळातच आहे. आजच्या काळात ती जागा डॉक्टरची आहे, असे म्हटले तर तो ओढूनताणून काढलेला अर्थ ठरू नये. शिवाय सगळे आजार भुताने होतात असेही शुभवर्तमान मानत नाही. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात दुष्टात्मे लागलेले, फेफरे येणारे आणि पक्षाघात झालेले अशी वेगवेगळी नोंद आहे. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी शिष्य विचारतात, पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. आणि पौल, ज्याच्या हातून इतरांना चंगाई मिळाल्याच्या कथा आहेत, तो स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवतो. तो निघत नाही. पोटाच्या दुखण्यासाठी तो तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो आणि त्रफिमाला आजारी अवस्थेत मिलेतात मागे ठेवतो. ‘तुझा विश्वास कमी पडला’ हे वाक्य पौलाला कोण ऐकवणार?

ठाणे जिल्ह्याला तर ही सगळी चर्चा सातशे वर्षे जुनी आहे. एप्रिल 1321 मध्ये तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिब्लिसीचा दिमित्री हे चौघे ठाण्यात मारले गेले. फ्रान्सिस्कन संघाची ही मंडळी कोल्लमला निघाली होती. वाऱ्याने जहाज ठाण्याला आणले. जोर्दानुस या धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्यात पुरले. पुढे ओदोरिक हा इटालियन प्रवासी आला आणि त्यांच्या अस्थी चीनपर्यंत घेऊन गेला. त्याने लिहून ठेवले आहे की ते जिथे मारले गेले तिथली माती इथले मुसलमान आणि मूर्तिपूजक आजारी पडले की पाण्यात कालवून पितात आणि बरे होतात. माती पिऊन रोग जातो असे आज कुणी म्हणू नये. पण या नोंदीतून इथल्या माणसांचा स्वभाव कळतो. दुखणे आले की ज्या दारात दिलासा मिळेल त्या दारात जायचे, दार कुणाचे हे विचारत बसायचे नाही. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत आजही मेणाचे हात, पाय वाहणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात.

या श्रद्धेची खरी कसोटी महाराष्ट्रात कुठे लागली, असे विचारले तर मी केडगावकडे बोट दाखवीन. पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यकी शिकण्यासाठी; कमी ऐकू येत असल्याने ते जमले नाही. पुढे दुष्काळात सापडलेल्या बाया-मुलींना त्यांनी केडगावच्या मुक्ती सदनात आणले आणि ती संख्या दोन हजारांच्या घरात गेली. 1905 मध्ये तिथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत, आपली पापे मोठ्याने कबूल करत. ही भावनावशता आहे अशी टीका झाली, तरी रमाबाई त्या मुलींच्या बाजूने उभ्या राहिल्या. म्हणजे देवाच्या अधिकारावर त्यांचा विश्वास आजच्या कोणत्याही चंगाई सभेतल्या विश्वासाहून उणा नव्हता. त्याच रमाबाईंनी अंध मुलींसाठी जे घर काढले त्याला बर्तिमी सदन हे नाव दिले. बर्तिमी म्हणजे यरीहोच्या रस्त्यावरचा तो आंधळा भिकारी, ज्याला येशूने दृष्टी दिली. पण केडगावच्या बर्तिमी सदनात मुलींना शिकवली गेली ती ब्रेल लिपी आणि हातकाम. दृष्टी येईल या आशेवर त्यांना बसवून ठेवले नाही, आणि दृष्टी आली नाही म्हणून त्यांना अविश्वासी ठरवले नाही. बर्तिमीला दृष्टी मिळाली हे मनापासून मानायचे आणि समोरच्या मुलीच्या बोटांखाली अक्षरे द्यायची, या दोन्ही गोष्टी एकाच बाईने एकाच विश्वासाने केल्या. रस्त्याच्या कडेला भीक मागणारा बर्तिमी रस्त्याने चालू लागला, हे त्या कथेतले मर्म रमाबाईंना नेमके कळले होते. त्या मुलींना भीक मागावी लागू नये ही त्यांच्या लेखी चंगाईच होती. त्यांचे स्वतःचे बहिरेपण गेले नाही. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा 1921 मध्ये वारली. पुढच्या वर्षी, 5 एप्रिल 1922 रोजी, रमाबाई गेल्या. मधल्या काळातही मूळ भाषांतून साध्या मराठीत बायबल आणण्याचे त्यांचे काम सुरू राहिले. विश्वास पुरेसा असला की आजार जातोच, हे सूत्र खरे धरले तर रमाबाईंना अविश्वासी म्हणावे लागेल. आणि हा निष्कर्ष इतका उघड खोटा आहे की सूत्रच टाकून द्यावे लागते. मिरजेत विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय सुरू केले. तिथेही प्रार्थना आणि शस्त्रक्रियेची सुरी यांच्यात कुणी निवड करायला सांगितली नाही.

यावर पहिला आक्षेप विज्ञानाचा, आणि तो वजनदार आहे. प्रार्थनेने आजार बरा होत असेल तर मोजून दाखवा. अमेरिकेत सहा रुग्णालयांतल्या 1,802 बायपास रुग्णांवर असा मोठा अभ्यास झाला आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी केलेल्या मध्यस्थीच्या प्रार्थनेचा काही लाभ दिसला नाही; आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात गुंतागुंत किंचित अधिक आढळली. श्रद्धावानाने हा निकाल टाळू नये. प्रार्थना ही गोळी नाही, ठरावीक मात्रेत ठरावीक गुण देणारी वस्तू नाही, हे त्यातून सिद्ध होते. आणि देवाची परीक्षा पाहू नको हे तर येशूने रानातल्या मोहाच्या वेळीच सांगितले होते. फ्रान्समधल्या लूर्द या कॅथलिक तीर्थाला 1858 पासून कोट्यवधी माणसे गेली. तिथले वैद्यकीय कार्यालय 1883 पासून दावे तपासते आणि चर्चने अधिकृतपणे मान्य केलेल्या चंगाया सत्तरच्या आसपास आहेत. चमत्कार मानणाऱ्या संस्थेनेच हात इतका आखडता घेतला असेल, तर दर रविवारी मधुमेह आणि कॅन्सर बरा झाल्याचे फलक लावणाऱ्यांवर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्याने बंदीही आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण त्यात माणसाचा जीव आणि मान दोन्ही गुंतलेले आहेत. भूतबाधा समजून मानसिक आजार किंवा फेफरे दडपले जातात. योग्य औषधांनी फेफऱ्याच्या सुमारे सत्तर टक्के रुग्णांचे झटके थांबू शकतात. ठाण्यात मनोरुग्णालय 1901 पासून आहे, तरीही घरातल्या बाईच्या अंगात काय आले याचा निर्णय आधी शेजारीपाजारी करतात. क्षयाची औषधे सहा महिने न चुकता घ्यावी लागतात. साक्ष देण्याच्या उत्साहात ती दुसऱ्या महिन्यात सोडली तर रोग औषधाला दाद देईनासा होतो आणि घरातल्या मुलांपर्यंत पोचतो. कॅथलिक चर्चने या धोक्यावर नियम केले आहेत. भूत काढण्याचा विधी बिशपच्या स्पष्ट परवानगीशिवाय करता येत नाही, 1999 च्या विधिग्रंथात आजाराला बाधा समजू नये असे बजावले आहे, आणि 2000 मध्ये रोमने चंगाईच्या प्रार्थनांत उन्माद आणि नाटकीपणा नको असे कळवले. पण भाड्याच्या खोलीतल्या स्वतंत्र पाळकाला बिशप नसतो. तिथे कायदाच उरतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, 2013 मध्ये महाराष्ट्राने केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे गुन्हा आहे. साप-विंचू चावलेल्याला उपचारांपासून रोखणेही गुन्हा आहे. प्रार्थनेला त्यात मनाई नाही. ही रेषा ख्रिस्ती पाळकांनी स्वतःहून मोठ्या आवाजात सांगायला हवी, कारण ती येशूच्या वागण्याशी जुळते. गरसेकरांच्या प्रदेशात, कबरींमध्ये राहणाऱ्या त्या माणसाला गावकऱ्यांनी साखळदंडांनी बांधले होते. बरा झाल्यावर तो कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला आढळतो. साखळ्या गावाच्या होत्या. साखळी हातात घेणारा उपदेशक त्या कथेत येशूच्या बाजूला कधीच उभा नसतो.

मग उरते काय? मोडलेपण उरते, आणि या सभांचे खरे बळ तिथेच आहे असे मला वाटते. दारूपुढे हरलेल्या माणसाला आपल्यापेक्षा मोठ्या शक्तीच्या हाती स्वतःला सोपवायला सांगण्याची रीत 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसने ख्रिस्ती प्रार्थना गटांतूनच उचलली. मुंबईत फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनने तिला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या योगाची जोड दिली. इथे अधिकार म्हणजे कुणावर चालवायचा हुकूम नाही. आपण मालक नाही हे कबूल केल्यावर माणसाला मिळणारी मोकळीक आहे. गर्दीच्या वस्तीत कुणी तुमचे नाव घेऊन दर आठवड्याला प्रार्थना करते, नोकरी गेलेल्या नवऱ्याला पुन्हा माणसांत बसवते, मारहाण सोसणाऱ्या बाईचे ऐकून घेते, हे काम दवाखान्याच्या खिडकीतून होत नाही. त्याला चमत्कार म्हणायचे की नाही हा प्रश्न मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही.

शेवटचा आक्षेप आमिषाचा. चंगाई हे धर्मांतराचे आमिष आहे असे म्हणतात. आसामने 2024 मध्ये चंगाईच्या प्रथांविरुद्ध कायदा केला तेव्हा हीच चर्चा झाली आणि तिथल्या ख्रिस्ती संघटनांनी प्रार्थनेला आमिष म्हणणे अन्यायाचे आहे असे सांगितले. माणसाला आपला धर्म निवडण्याचा हक्क आहे, आणि ज्या दारात दिलासा मिळाला त्या दाराशी त्याचे नाते जडले तर त्यात फसवणूकच असते असे नाही. पण संशयाला जागा ठेवायची नसेल तर उपाय शुभवर्तमानातच आहे. गरसेकरांच्या प्रदेशातला तो माणूस येशूबरोबर येण्याची विनंती करतो. येशू त्याला सोबत घेत नाही, आपल्या घरी, आपल्या माणसांत जा म्हणतो. रोमी शताधिपतीचा चाकर बरा होतो तेव्हा त्या परधर्मी अधिकाऱ्याला कुठलीही अट घातली जात नाही. दहा कुष्ठरोगी बरे होतात, एकच आभार मानायला परततो, आणि तोही शोमरोनी. बाकीचे नऊ कुठे आहेत असे येशू विचारतो खरा, पण त्यांची चंगाई काढून घेत नाही. आंबिवलीतल्या कुणा आजारी माणसासाठी कुणी प्रार्थना केली, तो औषधे घेत राहिला, बरा झाला आणि पुन्हा कधी त्या सभेकडे फिरकलाच नाही, तर प्रार्थना करणाऱ्याला काही गमावल्यासारखे वाटू नये, इतपत हिशेब या नऊ जणांनी आधीच चुकता केला आहे.