चुऱ्याखालची फळे

इंग्लंडमध्ये रविवारच्या जेवणानंतर आवडीने खाल्ला जाणारा एक गोड पदार्थ म्हणजे फ्रूट क्रम्बल. क्रम्बल म्हणजे चुरा होणे. खाली मऊ शिजलेली आंबटगोड फळे आणि वर ओट्सचा खुसखुशीत चुरा, एवढाच त्याचा थाट. पण तो घरोघरी पोचला टंचाईच्या दिवसांत.

दुसऱ्या महायुद्धात, ८ जानेवारी १९४० पासून ब्रिटनमध्ये लोणी आणि साखर रेशनवर आली. माणशी आठवड्याला ४ औंस, म्हणजे सुमारे ११५ ग्रॅम लोणी मिळे. पुढे तेही निम्म्यावर आले. फळांच्या ‘पाय’ला लाटलेली पारी लागते. तेवढे लोणी आणायचे कुठून? अशा वेळी फळांवर नुसता चुरा पसरणे परवडणारे होते. कुंपणावरच्या ब्लॅकबेरी तर फुकटच मिळत. रेशनिंग १९५४ मध्ये संपले, क्रम्बल मात्र टिकला.

यातले शास्त्र आपल्या ओळखीचे आहे. करंजीच्या पिठात आपण मोहन घालतो. तूप पिठाच्या कणांना वेढते, त्यामुळे पाणी त्यांच्यापर्यंत कमी पोचते आणि पारी चिवट होत नाही. क्रम्बलमध्ये तर पाणी घालायचेच नाही आणि पीठ मळायचेही नाही.

पाच जणांसाठी पाऊण किलो फळे घ्यावीत. सफरचंद, आलुबुखार, मोसमात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, जे मिळेल ते. फोडी करून दोन चमचे साखर, लिंबाचा रस व चमचाभर कॉर्नफ्लोअर लावावे. कॉर्नफ्लोअरमुळे रस दाट होतो. १२० ग्रॅम मैद्यात ८० ग्रॅम थंड लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी चोळावेत. रव्यासारखे झाले की ६० ग्रॅम ओट्स, ७० ग्रॅम साखर आणि चिमूटभर दालचिनीपूड मिसळावी. हात गरम असतील तर मिश्रण थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावे. लोणी वितळले तर चुऱ्याचा गोळा होतो.

पसरट भांड्यात फळे घालून वर चुरा भुरभुरावा, दाबू नये. वाफेला वाट मिळाली नाही तर त्याचा लगदा होतो. १८० अंश सेल्सिअसवर ३५ ते ४० मिनिटे भाजावे. कडेने रस बुडबुडू लागला आणि चुरा बदामी झाला की क्रम्बल तयार. दहा मिनिटे निवू द्यावा, म्हणजे रस आळतो.

फळांच्या टोपलीत सुरकुतलेले सफरचंद दिसले, तर ते टाकण्याआधी या पदार्थाची आठवण जरूर ठेवावी.