धनुष्कोडी : आगगाडी आणि आगबोट यांच्या भेटीचे स्थानक



आगगाडीची बहुतेक स्थानके गावासाठी बांधलेली असतात. गाव आधी वसते, स्थानक मागाहून येते. परंतु काही थोडी स्थानके पाण्यापलीकडच्या भूमीसाठी जन्मास येतात. रूळ जेथे संपतात तेथे समुद्र सुरू होतो, आणि उतारूंना पुढे न्यावयास धक्क्याशी आगबोट उभी असते. भारताच्या आग्नेय टोकाचे धनुष्कोडी हे असेच एक स्थानक होते. त्याचा जन्म, त्याचा कारभार आणि त्याचा अंत ही तिन्ही जाणून घेण्याजोगी आहेत.

रामेश्वराचे बेट आपणांस तीर्थक्षेत्र म्हणून ठाऊक आहे. या बेटाची एक चिंचोळी, वाळूची जीभ पूर्वेकडे लंकेच्या दिशेने गेली आहे. तिच्या टोकाजवळ धनुष्कोडी. ‘कोडी’ या तमिळ शब्दाचा अर्थ टोक. म्हणून धनुष्कोडी म्हणजे धनुष्याचे टोक. या जिभेच्या उत्तरेस पाल्कचा उपसागर आणि दक्षिणेस मन्नारचे आखात. येथून समोरच्या तलैमन्नारपर्यंत समुद्र अतिशय उथळ असून मध्ये वाळूच्या बेटांची रांग आहे. तिलाच आपण रामसेतू म्हणतो. या उथळ पट्ट्यावरून पूल बांधून आगगाडी थेट लंकेत न्यावी, असाही विचार एकेकाळी झाला होता. परंतु खर्च फार, म्हणून तो मागे पडला आणि मधला मार्ग निघाला : दोन्ही तीरांवर आगगाडी आणि मध्ये आगबोट.

यासाठी आधी मुख्य भूमी आणि रामेश्वरचे बेट यांमधील पांबनची खाडी ओलांडणे भाग होते. तेथे दोन किलोमीटरांहून किंचित अधिक लांबीचा पूल बांधण्यात आला व 24 फेब्रुवारी 1914 रोजी तो वाहतुकीस खुला झाला. जहाजांना वाट देण्यासाठी त्यात उघडणारा एक गाळा होता. मजूर हाताने दांडे फिरवीत आणि त्याचे दोन भाग दोन्ही बाजूंस वर उचलले जात.

त्याच वर्षी धनुष्कोडीचा मार्ग सुरू झाला. तत्पूर्वी मद्रासहून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, जाणारे उतारू तुतिकोरीनला जाऊन तेथून बोटीने कोलंबो गाठीत, आणि हा सागरप्रवास बराच लांबचा होता. नव्या मार्गावर समुद्राचे अंतर अवघे सुमारे 35 किलोमीटर उरले. मद्रासच्या एगमोर स्थानकावर घेतलेले एकच तिकीट गाडी, बोट आणि पलीकडची गाडी या तिन्हींस चालत असे. या गाडीला लोक ‘बोट मेल’ म्हणू लागले.

येथे एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. दक्षिण भारतातील ही गाडी मीटर मापाच्या अरुंद रुळांवरून धावे, तर सिलोनमधील प्रमुख मार्ग रुंद मापाचा होता. म्हणजे बोटीवर डबे चढवून पलीकडे नेले असते, तरी तेथील रुळांवर ते उभे राहिले नसते! म्हणून प्रत्येक उतारूस, त्याच्या ट्रंकेस आणि टपालाच्या प्रत्येक थैलीस धनुष्कोडीस उतरावेच लागे. या चढउतारावरच ते गाव जगत होते. स्थानकाभोवती जकात कचेरी, बंदर कचेरी, टपाल व तार कचेरी, दवाखाना, शाळा, धर्मशाळा आणि खाणावळी उभ्या राहिल्या.

या फलाटावर उतरणारे लोकही नाना प्रकारचे. काशी-रामेश्वराच्या यात्रेस निघालेले आपले मराठी यात्रेकरू सेतुस्नानासाठी येथे येत आणि येथली वाळू सोबत घेऊन उत्तरेस गंगेकडे जात. व्यापारी येत, सरकारी अधिकारी येत. पण या मार्गाने समुद्र ओलांडणाऱ्यांत फार मोठा भरणा होता तो सिलोनच्या चहामळ्यांवर कामास निघालेल्या गरीब तमिळ मजुरांचा. अलीकडे मंडपम येथील छावणीत त्यांना रोगतपासणीसाठी थांबवून घेत आणि मग पुढे सोडीत. यात्रेकरू परत येत. या मजुरांपैकी पुष्कळांचे वंशज तिकडेच जन्मले आणि तिकडेच वाढले.

पन्नास वर्षे हा क्रम चालला. मग 1964 सालचा डिसेंबर उजाडला. 22 तारखेच्या रात्री भयंकर चक्रीवादळ या बेटावर आदळले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी धनुष्कोडीच्या अगदी जवळ आली असता समुद्राच्या प्रचंड लाटेने तिला गिळले. गाडीत सुमारे 115 माणसे होती. घर अवघे हाकेच्या अंतरावर, आणि ते कोणासही दिसले नाही. गाव, धक्का, स्थानक, रूळ सारे उद्ध्वस्त झाले. पुढे सरकारने ती जागा वस्तीस अयोग्य ठरविली. ते स्थानक पुन्हा उभारले गेले नाही.

त्याच वादळात पांबनच्या पुलाच्या 145 गाळ्यांपैकी 126 गाळ्यांच्या तुळया वाहून गेल्या. दुरुस्तीचे काम ई. श्रीधरन या अवघ्या 32 वर्षांच्या अभियंत्याकडे आले. वरिष्ठांनी त्यांस तीन महिन्यांची मुदत दिली होती. समुद्रतळाशी गेलेल्या तुळया शोधून, वर काढून, पुन्हा खांबांवर बसवून त्यांनी तो पूल 46 दिवसांत उभा केला. पुढे पेडण्यापासून काणकोणपर्यंत आपल्या गोव्यातून जाणारी, 1998 साली पूर्ण झालेली कोकण रेल्वे ज्यांच्या नेतृत्वाखाली बांधली गेली, ते श्रीधरन हेच. आपल्या नद्यांवरील पुलांवरून जाताना या 46 दिवसांचे स्मरण ठेवावे.

पूल उभा राहिला; आता आगबोट रामेश्वराहून सुटू लागली. वादळाच्या दोनच महिने आधी, 30 ऑक्टोबर 1964 रोजी, भारत व सिलोन यांच्यात करार झाला होता. त्यानुसार तेथील 5,25,000 भारतीय वंशाच्या लोकांना भारतात परत घ्यावयाचे ठरले. ज्यांचे आजे-पणजे धनुष्कोडीहून गेले, ती नातवंडे याच समुद्रावरून रामेश्वरास उतरली. ज्या देशास ती ‘परत’ आली, तो त्यांतील अनेकांनी कधी पाहिलाही नव्हता. पुढे श्रीलंकेत यादवी पेटली व 1980 नंतरच्या दशकात ही बोटही बंद पडली.

पलीकडचा तलैमन्नारचा लोहमार्ग युद्धात उखडला गेला होता. तो 2015 साली पुन्हा सुरू झाला. पांबनचा जुना पूल डिसेंबर 2022 मध्ये वाहतुकीस बंद झाला आणि शेजारचा नवा पूल 6 एप्रिल 2025 रोजी खुला झाला. त्याचा मधला गाळा यंत्राने सरळ वर उचलला जातो. धनुष्कोडीस मात्र वाळूत स्थानकाच्या पडक्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. आणि चेन्नईहून रामेश्वरास जाणाऱ्या गाडीला लोक अजूनही ‘बोट मेल’च म्हणतात, जरी तिच्या वाटेच्या शेवटी आता बोट नाही.

मित्रहो, स्थानक विटांचे असते, पण ते जगते दोन तीरांमधील येण्याजाण्यावर. समुद्राने धनुष्कोडीच्या भिंती एका रात्रीत पाडल्या. तुटलेला पूल माणसांनी 46 दिवसांत सांधला. माणसामाणसांतील वैराने मात्र जी वाट मोडली, ती सांधावयास 46 वर्षेही पुरत नाहीत, हेच या पडक्या स्थानकापासून आपण शिकावयाचे.