फॉरमॅट मारायची सोय होती तेव्हा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० निवृत्त झालं. मशीन्स काही बंद पडली नाहीत, बटण दाबलं की पूर्वीसारखीच चालू होतात. थांबल्या त्या मायक्रोसॉफ्टकडून आपसूक येणाऱ्या सुरक्षेच्या दुरुस्त्या. विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची चिप लागते, प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. त्यामुळे घराघरांतली धडधाकट मशीन्स एका तारखेला म्हातारी ठरली. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ ठेवली होती, पण ती मागून घ्यावी लागायची आणि ती मागायची असते हे सांगणारं कुणीतरी भेटावं लागायचं.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या आठवड्यात हाच विषय होता. एकाने बजावलं, आता या कॉम्प्युटरवर बँकेचे व्यवहार करू नका. चौथ्या मजल्यावरच्या निवृत्त काकांनी विचारलं, "मग कशावर करायचे?" उत्तर आलं, "मोबाइलवर करा, सेफ असतं." त्याच ग्रुपवर दिवाळीच्या आधी लग्नपत्रिका म्हणून एक एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल फिरून गेली होती. ती ज्यांनी उघडली त्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत, कारण पुढचे दोन दिवस त्यांच्या फोनवरून ती पत्रिका इतरांना जात होती. तरीही 'मोबाइल सेफ'! मला ते उत्तर झोंबलं, आणि पंचवीस वर्षांचं सगळं डोक्यात फिरायला लागलं.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' व्हायरस, १९९५ च्या १५ ऑगस्टला व्हीएसएनएलने लोकांसाठी खुलं केलेलं इंटरनेट, २६ एप्रिल १९९९ ला हार्ड डिस्क पुसून टाकणारा 'चेर्नोबिल', २००० च्या मे महिन्यात ईमेलमधून आलेलं 'आय लव्ह यू': हे सगळं ऑफिसात घडायचं. घरी येताना आपण ते मागे ठेवून यायचो. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करणाऱ्या कैलास काटकरांनी भाऊ संजय यांच्यासोबत क्विक हीलची सुरुवात केली तीही त्याच वर्षांत. पण अँटिव्हायरस विकत घ्यायचा असतो, ही कल्पना मराठी मध्यमवर्गाच्या पचनी पडायला अजून अवकाश होता.

माझं दशक एक्सपीचं. २००१ च्या ऑक्टोबरात विंडोज एक्सपी आलं आणि आमच्याकडे, डोंबिवलीत, पाठोपाठ असेंबल्ड मशीन आलं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून गल्लीतला हार्डवेअरवाला ते जोडून द्यायचा. कॅबिनेटला सगळे सीपीयू म्हणायचे. नावं मार्करने लिहिलेल्या सीडींचं एक पाऊच त्याच्या बॅगेत असायचं. त्यातून एक्सपी, ऑफिस, फोटोशॉप, जे मागाल ते निघायचं. बिलात सॉफ्टवेअरची ओळ नसे. आणि जाताजाता तो एक मंत्र देऊन जायचा: "अपडेट बंद ठेवा ताई."

या मंत्राने जेवढं नुकसान केलं तेवढं एखाद्या व्हायरसनेही केलं नसेल. २००३ च्या ऑगस्टमध्ये 'ब्लास्टर' आला. काही उघडायची, क्लिक करायची गरज नव्हती. मोडेमचा किरकिराट थांबून नेट जोडलं गेलं की थोड्याच वेळात पडद्यावर चौकट यायची, साठ सेकंदांत मशीन बंद होणार, आणि आकडे उलटे पळायला लागायचे. 'रन'मध्ये जाऊन 'शटडाउन' आणि त्यापुढे 'वजा ए' टाइप केलं की उलटमोजणी थांबायची. ही एक ओळ डोंबिवलीतल्या गृहिणींना आणि दहावीच्या पोरांना तोंडपाठ होती. ज्या भोकातून ब्लास्टर शिरायचा ते बुजवणारी दुरुस्ती महिनाभर आधीच निघाली होती. एक्सपीत फायरवॉलही होती, पण ती बंद अवस्थेत घरी यायची. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने ती आपोआप चालू केली. आपल्याकडे अपडेट बंद, म्हणजे फायरवॉलही बंद.

अपडेटची भीती वाढवायला खुद्द मायक्रोसॉफ्टनेही हातभार लावला. कॉपी अस्सल आहे का हे तपासणारी यंत्रणा त्यांनी आणली, आणि २००८ पासून नक्कल सापडली की दर तासाला डेस्कटॉप काळा व्हायला लागला. सुरक्षेच्या महत्त्वाच्या दुरुस्त्या नकली कॉपीलाही मिळत होत्या, हे कुणी सांगितलं नाही. लोकांना दिसला तो काळा पडदा. त्यांनी उरलंसुरलं अपडेटही बंद केलं. २००८ च्या २३ ऑक्टोबरला एक तातडीची दुरुस्ती निघाली आणि पुढच्याच महिन्यात तिच्यावाचून राहिलेल्या मशीन्समधून 'कॉन्फिकर' जगभर पसरला. अस्सल सीडीचे पैसे वाचवणारे आम्ही, दर तीन महिन्यांनी फॉरमॅट मारायला हार्डवेअरवाल्याला पैसे मोजत होतो. त्याची काही तक्रार नव्हती.

आणि पेनड्राइव्ह! लेख डीटीपी सेंटरला द्यायचा, प्रोजेक्ट झेरॉक्सवाल्याकडे छापायचं, फोटो स्टुडिओतून आणायचे. व्हायरसची ने-आण आपणच करत होतो. पेनड्राइव्ह खोचला की विंडोज त्यातली ऑटोरनची फाइल स्वतःहून चालवायचं. 'न्यू फोल्डर' नावाची एक निरागस पिवळी घडी दिसायची, ती फोल्डर नसून प्रोग्रॅम असायची. डबल क्लिक केलं की 'फोल्डर ऑप्शन्स' मेनूतून गायब, टास्क मॅनेजर बंद. २००७ च्या सुमारास एक असा आला की ऑर्कुट उघडलं की चौकट यायची, ऑर्कुटवर बंदी आहे मूर्खा, आणि खाली खदाखदा हसणं. कॉलेजच्या पोरांना वाटायचं प्राचार्यांनीच बसवलाय.

त्या वेळी जे उपाय लोक करायचे ते आता आठवले तरी त्या माणसांचं कौतुक वाटतं. शिफ्ट दाबून ठेवूनच पेनड्राइव्ह खोचायचा. डबल क्लिक करायचं नाही, राइट क्लिक करून 'एक्सप्लोअर'ने आत जायचं. पेनड्राइव्हवर आपणच 'ऑटोरन डॉट आयएनएफ' नावाचा रिकामा फोल्डर बनवायचा, म्हणजे त्याच नावाची फाइल व्हायरसला टाकता येत नाही. ही शेवटची युक्ती मला आमच्या झेरॉक्सवाल्याने शिकवली. तो बारावी नापास होता आणि त्याच्याकडे रोज पन्नास पेनड्राइव्ह यायचे. मायक्रोसॉफ्टने पेनड्राइव्हची ही ऑटोरनची सोय एक्सपीवर बंद करणारं अपडेट सगळ्यांना आपोआप पाठवलं ते फेब्रुवारी २०११ मध्ये. तोवर पृथ्वीवरच्या झेरॉक्सवाल्यांनी किल्ला लढवला.

सायबर कॅफेचं वेगळं. तिथे काही मालक डीप फ्रीझ टाकून ठेवायचे. मशीन रीस्टार्ट केलं की दिवसभराची सगळी घाण गेलेली, सकाळी होतं तसं मशीन. काही ठिकाणी मात्र आपण दाबलेली प्रत्येक कळ नोंदवून ठेवणारे प्रोग्रॅम असायचे. शहाणे लोक पासवर्डची अक्षरं उलटसुलट क्रमाने, मध्येच माउसने जागा बदलून टाइप करायचे. केंद्र सरकारला कॅफेची काळजी सुचली ती २०११ मध्ये: ओळखपत्र बघा, वही ठेवा, केबिनच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत. नियम आले तेव्हा निम्मे कॅफे मोबाइल रिचार्ज विकायला लागले होते.

वायफायचं भान मात्र आपल्याला फार वाईट तऱ्हेने आलं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत स्फोट झाले; त्यांच्या काही मिनिटं आधी गेलेल्या धमकीच्या ईमेलचा माग सानपाड्याच्या एका फ्लॅटमधल्या वायफायपर्यंत निघाला. तिथे राहणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता, कनेक्शन कुणीतरी वापरलं होतं. पुढच्या एकदोन महिन्यांत ठाणे-नवी मुंबईत राउटरला पासवर्ड टाकून द्या म्हणून हार्डवेअरवाल्यांना फोनांचा सपाटा लागला. त्यांनी टाकून दिलेला पासवर्ड बहुतेक वेळा घरमालकाचा दहा आकडी मोबाइल नंबर असे. आजही असतो, लिफ्टपाशी उभं राहून बघा.

पासवर्डवरून एक जुनं भांडण बाकी आहे. माझ्या बँकेने वर्षानुवर्षं मला छळलं: एक कॅपिटल हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि हे सगळं जमवून पाठ झालं की नव्वद दिवसांत बदला. या छळाचं मूळ अमेरिकेच्या 'निस्ट' या मानकसंस्थेच्या २००३ च्या एका पुस्तिकेत आहे. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितलं की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. लोक करून करून काय करणार, शेवटचा १ काढून २ टाकणार. त्याच वर्षी निस्टने नवा सल्ला दिला: पासवर्ड लांब असू द्या, चिन्हांची सक्ती नको, फुटल्याचा पुरावा असेल तरच बदलायला लावा. माझ्या बँकेला ही बातमी अजून पोचलेली नाही. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मागच्या बाजूला पासवर्ड लिहून ठेवणाऱ्या माझ्या सासूबाईंना आम्ही हसायचो. घरात चोर येत नाही आणि नेटवरच्या चोराला कॅलेंडर दिसत नाही, हा त्यांचा युक्तिवाद मला आज बिनतोड वाटतो.

पण त्या दशकातली खरी बातमी कुणी नीट वाचलीच नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये पुण्यातल्या एका कॉल सेंटरमधले आजी-माजी कर्मचारी पकडले गेले. अमेरिकेतल्या बँक खातेदारांशी गोड बोलून त्यांनी पिन काढून घेतले होते आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या खात्यांत वळवली होती. व्हायरस नाही, क्रॅक नाही. फोन, विश्वासाचा आवाज, पिन आणि पैसे उतरवून घ्यायला बोगस खाती. आजच्या फसवणुकीतला प्रत्येक सुटा भाग त्यात होता. आपण त्यावर अग्रलेख लिहिले ते भारताच्या आयटी उद्योगाची प्रतिमा डागाळली म्हणून.

पुढची दहाएक वर्षं मला कंटाळवाणी वाटतात. ऑर्कुट गेलं, फेसबुक आलं, एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला, फोन स्मार्ट झाले. एक गोष्ट चांगली घडली: १ ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्डव्यवहारासाठी कार्डावर न छापलेलं आणखी काहीतरी विचारणं सक्तीचं केलं. आजच्या ओटीपीचं मूळ तिथलं. मग २०१६: यूपीआय, स्वस्त डेटा, नोटाबंदी. भाजीवाल्यापासून पेन्शनरापर्यंत सगळे एका वर्षात फोनवर आले.

येताना सोबत हार्डवेअरवाला आला नाही. घराच्या हॉलमध्ये, सगळ्यांच्या देखत ठेवलेल्या मशीनवर काही विचित्र झालं की कुणीतरी मागून बघायचं, शेजारचा पोरगा यायचा, शिव्या घालत फॉरमॅट मारायचा. फार तर फोटो जायचे. आता जे घडतं ते एकट्याच्या हातात, बेडरूमचं दार लावून. पोलीस असल्याची बतावणी करून व्हिडिओ कॉलवर 'अटक' करणारे 'डिजिटल अरेस्ट'वाले तर पहिली अटच घालतात, दार लावा आणि घरात कुणाला सांगू नका. अशा अटकेचा कायदा नाही, व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मध्ये सांगितलं. त्या अटीची ताकद मात्र कायद्यात नाहीच, ती एकटेपणात आहे.

यावर आपली व्यवस्था काय करते? सूचना देते. २०२४ च्या अखेरीस सायबर फसवणुकीपासून सावध करणारी कॉलर ट्यून सुरू झाली, मग अमिताभ बच्चन आले, करोनातही तेच होते. रुग्णवाहिकेला फोन लावणाऱ्यालाही आधी सावधगिरीचा पाठ. लोक वैतागले, आणि जून २०२५ मध्ये ती थांबली. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर तिने घरोघरी पोचवला, एवढं श्रेय देते. पैसे गेल्यावर पहिल्या तासात तो फिरवला तर रक्कम वाटेत गोठवता येण्याची शक्यता खरोखर वाढते. पण मला कुणी सांगावं, "ओटीपी कुणालाही सांगू नका" असा एसएमएस पाठवणारी माझीच बँक दहा आकडी साध्या नंबरवरून फोन करून माझी जन्मतारीख का विचारते? बँकांनी असे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत, असं रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बजावलं. मी विचारलं तर पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, व्हेरिफिकेशन आहे."

काही कामं मुकाट्याने चांगली झाली आहेत, ती नाकारत नाही. समोरच्याकडे पैशांची मागणी पाठवणारी यूपीआयची माणसामाणसांतली कलेक्ट रिक्वेस्ट १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. बँकांच्या वेबसाइट 'बँक डॉट इन'वर नेण्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ ची होती. दोन्हींसाठी नागरिकाला काही पाठ करावं लागलं नाही. फोनमध्ये अनोळखी ठिकाणाहून ॲप बसवायची परवानगी बंद ठेवली तर लग्नपत्रिकेची एपीके उघडूनही बसत नाही, पण तो धोक्याचा इशारा येतो तेव्हा 'तरीही पुढे जा' म्हणायची सवय आपल्याला एक्सपीच्याच काळात लागली. ती अजून सुटलेली नाही.

आता हिशेबाचा मुद्दा. २०१७ च्या जुलैतलं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक सांगतं की चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर भार नाही. मात्र गुप्त माहिती तुम्ही स्वतः दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. डिजिटल अरेस्टमध्ये माणूस स्वतःच पैसे पाठवतो. म्हणजे सत्तरीचा शिक्षक, दिवसभर कॅमेऱ्यापुढे बसवलेला, निष्काळजी ठरतो. ज्या खात्यात त्याचे पैसे गेले ते कुणीतरी कमिशनवर भाड्याने दिलेलं असतं. त्या खात्याचं केवायसी करणारी बँक हिशेबात कुठेच येत नाही.

ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून फसवून स्वतःच पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५ हजार पौंडांपर्यंत भरपाई देणं बँकांना सक्तीचं आहे. अतिशय बेफिकिरीचा अपवाद आहे, पण तो असहाय अवस्थेतल्या ग्राहकाला लावता येत नाही. आणि भरपाई निम्मी पैसे पाठवणाऱ्या बँकेने भरायची, निम्मी स्वीकारणाऱ्या बँकेने. अर्धे पैसे खिशातून जाणार म्हटल्यावर खातं उघडायला आलेल्याचा चेहरा स्वीकारणारी बँकही नीट बघते.