लाइट गेली तरी कॉपी पहिल्यापासून नको : काळ्या स्क्रीनवरून फोल्डरची नक्कल कशी काढायची? जाणून घ्या सोप्या भाषेत

गावोगावच्या दूध संकलन केंद्रावर आता वहीपेक्षा कॉम्प्युटरवर जास्त भरवसा ठेवला जातो. सकाळ-संध्याकाळचे लिटर, फॅट, एसएनएफ, उचल, पशुखाद्याची उधारी आणि दहा दिवसांचे बिल, सगळे एकाच डब्यात. सेवा केंद्रावर अर्जांच्या पावत्या, बचत गटाकडे कर्जाचे हप्ते, पतसंस्थेत ठेवींच्या याद्या. हा डबा एक दिवस चालू झाला नाही तर काय? हार्ड डिस्क गेली की दुकानदार नवीन बसवून देतो, पण आतला हिशेब देत नाही. ज्याचे १० दिवसांचे दूध त्यात अडकले, त्याला बिल कशावरून द्यायचे हा प्रश्न उरतोच.

म्हणून नक्कल काढून ठेवा, असे सगळेच सांगतात. बहुतेक जण माउसने फोल्डर उचलून पेनड्राइव्हमध्ये टाकतात. फोल्डर लहान असेल तर त्यात काही वावगे नाही. पण फायली हजारोंनी असल्या की अडचण येते. अर्ध्यात लाइट जाते, किंवा एखादी फाइल उघडी असल्याने मध्येच प्रश्न विचारून गाडी थांबते. कुठपर्यंत आले ते कळत नाही, मग पुन्हा पहिल्यापासून. यावर विंडोजमध्येच एक फुकटचा उपाय आहे. त्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही.

काळा स्क्रीन म्हणजे काय?

कॉम्प्युटरला माउसने खूण करण्याऐवजी लिहून हुकूम द्यायची ही जागा. कीबोर्डवरचे विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येते. त्यात सी-एम-डी ही तीन अक्षरे लिहून एंटर मारा. काळा स्क्रीन उघडतो. घाबरायचे कारण नाही, हुकूम दिल्याशिवाय तो काहीच करत नाही.

एक लक्षात घ्या. या बातमीत हुकूम मराठीत दिले आहेत ते वाचण्यासाठी. टाइप करताना इंग्रजी अक्षरे आणि इंग्रजी आकडेच वापरायचे. मोठी की छोटी अक्षरे, याने विंडोजमध्ये फरक पडत नाही. रेघ मात्र दोन प्रकारची असते. फोल्डरच्या पत्त्यात \ ही रेघ येते, ती बहुतेक कीबोर्डवर एंटरच्या जवळ असते. हुकुमाच्या शेवटी सूचना देताना / ही रेघ येते, ती प्रश्नचिन्हाच्या बटणावर असते. या दोघींची अदलाबदल झाली की हुकूम चुकतो.

कॉपी, एक्सकॉपी की रोबोकॉपी?

विंडोजमध्ये यासाठी तीन हुकूम आहेत. साधा कॉपी हा एकदोन फायलींसाठी ठीक. तो फोल्डरच्या आतल्या फोल्डरमध्ये उतरत नाही, वरवरच्या फायली घेऊन परत येतो. एक्सकॉपी आत उतरतो, पण फायलीचा पत्ता फार लांब झाला की अडतो. तिसरा रोबोकॉपी. यातला रोबो म्हणजे यंत्रमानव नव्हे. दणकट अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा तो तुकडा आहे. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये, म्हणजे ७, १०, ११ मध्येही, तो आधीपासूनच असतो. हिशेबाच्या नकलेसाठी हाच वापरावा.

नक्कल काढायची रीत

समजा, केंद्राचा हिशेब डी ड्राइव्हवर डेअरी नावाच्या फोल्डरमध्ये आहे आणि पेनड्राइव्हला ई हे अक्षर मिळाले आहे.

१. हिशेबाचे सॉफ्टवेअर आधी बंद करा. उघडी फाइल बऱ्याचदा कुलूप लावल्यासारखी असते, तिची नक्कल निघत नाही.

२. पेनड्राइव्हचे अक्षर खात्रीने बघा. काळ्या स्क्रीनवर डी-आय-आर लिहा, एक जागा सोडा आणि ई:\ लिहून एंटर मारा. पेनड्राइव्हमधल्या वस्तूंची यादी दिसेल. आज ई असलेला पेनड्राइव्ह उद्या दुसऱ्या खाचेत लावला की एफ होऊ शकतो, म्हणून हे दर वेळी बघायचे.

३. आता मुख्य हुकूम :

रोबोकॉपी डी:\डेअरी ई:\डेअरी /ई /आर:२ /डब्ल्यू:५

रोबोकॉपीचे स्पेलिंग आर-ओ-बी-ओ-सी-ओ-पी-वाय. डेअरीचे डी-ए-आय-आर-वाय. तुमच्या फोल्डरचे नाव वेगळे असेल तर ते लिहा. प्रत्येक तुकड्यानंतर एक जागा सोडायची.

याचा अर्थ असा. आधी जिथून घ्यायचे ते, मग जिथे ठेवायचे ते. क्रम उलटा झाला तर पेनड्राइव्हमधला जुना हिशेब कॉम्प्युटरमधल्या नव्या हिशेबावर बसेल आणि कॉम्प्युटर एका शब्दाने विचारणार नाही. एंटर मारण्याआधी ‘कुठून, कुठे’ हे तोंडाने वाचून बघावे.

/ई म्हणजे आतली सगळी फोल्डरे घे, रिकामी असली तरी. /आर:२ म्हणजे एखादी फाइल अडली तर आणखी दोनदाच प्रयत्न कर. /डब्ल्यू:५ म्हणजे दोन प्रयत्नांमध्ये ५ सेकंद थांब. या शेवटच्या दोन सूचना सोडू नका. त्या दिल्या नाहीत तर रोबोकॉपी एका अडलेल्या फायलीसाठी १० लाख वेळा प्रयत्न करतो आणि दर वेळी ३० सेकंद थांबतो. हिशेब केला तर नुसत्या थांबण्याचे जवळपास ३४७ दिवस होतात. ‘रोबोकॉपी हँग झाला’ असे वाटते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते.

फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल, जसे ‘दूध हिशेब’, तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरण चिन्हात घालावा. मात्र शेवटच्या चिन्हाआधी \ ही रेघ येऊ देऊ नये, तिथे रोबोकॉपीचा गोंधळ होतो. त्यापेक्षा फोल्डरचे नाव जागा न सोडता ठेवलेले बरे.

लाइट गेली तर?

लाइट आल्यावर तोच हुकूम पुन्हा द्या. रोबोकॉपी दोन्हीकडच्या फायलींची साइज आणि तारीख-वेळ ताडून बघतो. जुळली ती फाइल सोडून देतो, राहिलेली आणि बदललेली तेवढी घेतो. म्हणूनच पहिल्या दिवशी अर्धा तास लागला तरी दुसऱ्या दिवशी काम थोडक्यात उरकते. पेनड्राइव्हवर वेळेची नोंद थोडी ढोबळ होते, त्यामुळे न बदललेल्या फायलीही पुन्हा पुन्हा कॉपी होताना दिसल्या तर हुकुमाच्या शेवटी /एफएफटी जोडावे.

आणखी एक. माउसच्या जगात कंट्रोल आणि सी दाबले की कॉपी होते. काळ्या स्क्रीनवर हुकूम चालू असताना तेच दाबले की काम बंद पडते. सवयीने दाबू नका.

शेवटचा तक्ता वाचल्याशिवाय उठू नका

काम झाले की रोबोकॉपी एक तक्ता दाखवतो. आडव्या ओळींत फोल्डर, फायली आणि त्यांचे आकारमान. उभे सहा रकाने. पहिला एकूण. दुसरा आत्ता कॉपी झालेल्या. तिसरा आधीच जुळत असल्याने सोडलेल्या. चौथा न जुळणाऱ्या, म्हणजे एकीकडे फाइल आणि दुसरीकडे त्याच नावाचे फोल्डर असा घोळ. पाचवा फेल झालेल्या. सहावा पेनड्राइव्हमध्ये आहेत पण कॉम्प्युटरमध्ये नाहीत अशा जादा फायली.

सामान्य माणसाने पाचवा रकाना बघावा. तिथे तिन्ही ओळींत शून्य असेल तर काम फत्ते. शून्य नसेल तर वर सरकून कोणती फाइल अडली ते बघा, सॉफ्टवेअर बंद करून हुकूम पुन्हा द्या. त्यानंतर पेनड्राइव्हमधली एखादी फाइल खरोखर उघडून बघा. पेनड्राइव्ह ओढून काढू नये, खाली कोपऱ्यातल्या खुणेवरून ‘इजेक्ट’ करून काढावा.

या एका सूचनेपासून जपून

काही जण /एमआयआर ही सूचना वापरायला सांगतात. याचा अर्थ आरसा. कॉम्प्युटरमध्ये जे आहे तेच हुबेहूब पेनड्राइव्हमध्ये ठेवायचे. ऐकायला बरे वाटते, पण आरशाला दुसरी बाजूही असते. कॉम्प्युटरमध्ये जे नाही ते पेनड्राइव्हमधूनही पुसले जाते. चुकून डेअरीचे फोल्डर रिकामे झाले आणि त्यानंतर हा हुकूम दिला, तर नक्कलही रिकामी होते. पुसलेले रिसायकल बिनमध्ये सापडत नाही.

वापरायचीच असेल तर आधी हुकुमाच्या शेवटी /एल जोडून बघा. मग रोबोकॉपी काय काय करणार त्याची फक्त यादी दाखवतो, हात कशालाच लावत नाही. यादी पटली तर /एल काढून पुन्हा हुकूम द्यायचा. नवख्या माणसाने /ई वरच राहावे, त्यात पेनड्राइव्हमधली जादा फाइल पुसली जात नाही.

रोज टाइप करायचा कंटाळा येतो?

नोटपॅड उघडा, हुकूम एका ओळीत लिहा. खालच्या ओळीत पी-ए-यू-एस-ई हा शब्द लिहा, म्हणजे काम झाल्यावर तक्ता वाचेपर्यंत स्क्रीन थांबून राहील. सेव्ह करताना फायलीचा प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन बी-ए-टी लिहा. आता या फायलीवर दोनदा क्लिक केले की हुकूम चालतो. पेनड्राइव्हचे अक्षर बदलले असेल तर मात्र आधी फायलीत बदल करावा लागेल.

मोबाइलमधले फोटो कसे घ्यायचे?

पिकाच्या नुकसानीचे, पंचनाम्याचे, कागदपत्रांचे फोटो मोबाइलमध्येच असतात. मोबाइल वायरने कॉम्प्युटरला जोडला तर तो माउसने उघडता येतो, पण त्याला डी, ई असे अक्षर मिळत नाही. त्यामुळे रोबोकॉपीला तो दिसत नाही. फोटो आधी माउसने कॉम्प्युटरमधल्या एखाद्या फोल्डरमध्ये घ्यावेत आणि मग त्या फोल्डरची नक्कल रोबोकॉपीने काढावी. मेमरी कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये लावले तर त्याला अक्षर मिळते, तेव्हा थेट हुकूम चालतो.

काही तरुण मोबाइलवर टर्मक्स नावाचे ॲप टाकून लिनक्ससारखे हुकूम देतात. तिथे हुकूम सी-पी असा दोन अक्षरी आहे. फोल्डर असेल तर त्यापुढे -आर जोडावे लागते, नाहीतर तो फोल्डर घेतच नाही. लिनक्समध्ये मोठे आणि छोटे अक्षर वेगळे धरले जाते. शिवाय त्याच नावाची जुनी फाइल असेल तर सी-पी न विचारता तिच्यावर नवी बसवतो. विचारून करायला हवे असेल तर -आय जोडावे. टर्मक्सच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या वस्तू ॲप काढून टाकले की त्याच्याबरोबर जातात, मेमरी कार्डवरचे त्याचे फोल्डरही त्यात आले. तिथे कायमची नक्कल ठेवू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पेनड्राइव्हमध्ये जागा आहे, तरी मोठी फाइल का मावत नाही? जुन्या पद्धतीने, म्हणजे फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही. तो एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट करावा लागतो. फॉरमॅट केले की आतले सगळे जाते, म्हणून आधी रिकामा करा.

सी ड्राइव्हचे डी ड्राइव्हवर ठेवले तर चालेल का? बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये एकाच हार्ड डिस्कचे दोन वाटे करून त्यांना सी आणि डी म्हटलेले असते. डिस्क गेली की दोन्ही जातात. बाहेरचा पेनड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कच हवी.

सॉफ्टवेअर बंद केले तरी मुख्य फाइल अडते, मग? काही हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाबेस मागे चालूच असतो. अशा वेळी सॉफ्टवेअरमधलेच बॅकअपचे बटण दाबून बॅकअप फाइल तयार करावी आणि तिची नक्कल रोबोकॉपीने काढावी.

एकच नक्कल पुरते का? नाही. आज हिशेबाची फाइल बिघडली आणि तिचीच नक्कल जुन्या चांगल्या नकलेवर बसली, तर दोन्ही बिघडल्या. त्यासाठी दर बिलाच्या दिवशी पेनड्राइव्हमध्ये त्या तारखेच्या नावाचे वेगळे फोल्डर करावे. हुकुमात दुसऱ्या पत्त्याच्या जागी त्या फोल्डरचे नाव लिहिले की रोबोकॉपी ते स्वतः तयार करतो. पेनड्राइव्ह दोन ठेवावेत. एक केंद्रावर, दुसरा सचिवाच्या किंवा अध्यक्षाच्या घरी. केंद्रात चोरी झाली, पाणी शिरले किंवा वीज पडली, तरी दुसरा शाबूत राहतो.

दहा दिवसांचे बिल काढले की त्याच बैठकीत नक्कल काढायची, असा नियम संस्थेने करून घेतला तर वेगळी आठवण ठेवावी लागत नाही. नक्कल कोणी काढली, कोणत्या तारखेला आणि फेलच्या रकान्यात किती आकडा आला, एवढी एक ओळ वहीत लिहून सही करावी. उद्या कॉम्प्युटर बंद पडला, तर कोणत्या तारखेपर्यंतचा हिशेब हातात आहे ते त्या वहीवरून लगेच सांगता येईल.